सभासद कोण? आधी रजिस्टर काढा

गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रं एकत्र वाचली तर निम्म्याहून जास्त पत्रांत तोच विषय, आमची तालीम, आमचं वाचनालय, आमचं महिला मंडळ, आणि त्यात मी सभासद आहे का नाही. जमिनीचे, भाडेकरूंचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, या वेळी फक्त हेच. संस्थांच्या भांडणात मी बरीच वर्षं कागद वाचतोय, आणि चांगल्या चांगल्या संस्था पैशाच्या घोटाळ्यानं कमी आणि सभासद रजिस्टर नीट न ठेवल्यानं जास्त बंद पडलेल्या बघितल्यात, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

प्रश्न : साहेब, आमची तालीम ४० वर्षं जुनी, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात रीतसर नोंद हाय. यंदा निवडणूक लावली आणि आम्हा साठ-पासष्ट जुन्या पोरांना सांगितलं की तुम्ही सभासदच नव्हं. दर साली गणपतीला वर्गणी देतोय, फुटबॉलच्या टीमला किट दिलं, २०१९ च्या पुरात तालमीत चुली पेटवून लोकांना जेवू घातलं ते आम्हीच. वर्गणीच्या पावत्या जपून ठेवल्यात. मतदान करता येणार का नाही?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : दादा, तुमचा राग अगदी बरोबर आहे, पुरात कुणी काय केलं ते अख्ख्या पेठेला माहीत असतं. पण सभासद कोण हे ठरवताना कायदा वेगळ्या गोष्टी विचारतो, त्या आधी समजून घ्या म्हणजे लढायचं कुठं ते कळेल.

तुमची तालीम संस्था नोंदणी कायदा १८६० खाली नोंदलेली असणार आणि त्याच वेळी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली सुद्धा, आपल्या राज्यात अशा संस्थांना दोन्ही नोंदण्या लागतात, म्हणून तुमच्या लेटरहेडवर दोन नंबर असतील, त्यातला एक 'एफ' नं सुरू होणारा. आता १८६० च्या कायद्याचं कलम १५ बघा. ते म्हणतं, सभासद म्हणजे जो संस्थेच्या नियमाप्रमाणं दाखल झालाय, ज्यानं सभासद फी भरलीय किंवा सभासदांच्या यादीवर सही केलीय, आणि ज्यानं नियमाप्रमाणं राजीनामा दिलेला नाही. आणि पुढं एक वाक्य आहे ज्यावर सगळी भांडणं होतात, की ज्याची फी त्या वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलीय त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची मोजदादही होत नाही.

म्हणजे गणपतीची वर्गणी ही देणगी झाली, सभासद फी नव्हे. पावतीवर काय छापलंय ते वाचा, 'श्री गणेशोत्सव वर्गणी' असेल तर त्यावर सभासद होता येत नाही, ५००० रुपये दिले असले तरी. आणि 'सभासद फी' किंवा 'वार्षिक वर्गणी, सभासद क्र. अमुक' असं असेल तर पावती १० रुपयांची असली तरी ती लॅमिनेट करून ठेवा.

पण म्हणून लगेच हार मानू नका. पहिलं काम, धर्मादाय कार्यालयातून तालमीच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, सर्टिफाइड नक्कल काढा. कमिटीकडची झेरॉक्स नको, कार्यालयात दाखल असलेली, कारण बऱ्याच ठिकाणी दोन्हींत फरक सापडतो. त्यात सभासद होण्याची पद्धत, फी किती, थकली तर काय होतं हे वाचा. थकबाकी झाली की मत देता येत नाही एवढं कायदा सांगतो, सभासदत्व कायमचं गेलं असं तो सांगत नाही, ते जायचं असेल तर तसं घटनेत लिहिलेलं पाहिजे. घटनेत काही नसेल तर थकलेली फी सभेच्या आधी भरून टाका.

कमिटी फी घेत नसेल तर, आणि अशा भांडणात घेतच नाहीत, तर तालमीच्या खात्यावर बँकेतून ट्रान्सफर करा किंवा चेक द्या आणि सोबत पोच मिळेल अशा टपालानं पत्र पाठवा की ही अमुक सालापासूनची माझी सभासद फी. पुढं जाऊन 'आम्ही द्यायला तयार होतो, यांनीच घेतली नाही' हे दाखवायला एवढा कागद लागतो.

दुसरी गोष्ट कुणी करत नाही आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. तालमीचे जुने ऑडिट रिपोर्ट मागवा. परिशिष्ट नऊ मध्ये, म्हणजे उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात, सभासद फी जमा किती दाखवलीय बघा. फी वर्षाला २० रुपये आणि त्या साली जमा २४०० रुपये असेल तर फी भरणारे १२० लोक होते, मग आज कमिटी ४५ चीच यादी कशी दाखवते हा प्रश्न विचारता येतो. आणि उलट एखाद्या साली जमा शून्य असेल तर आज कमिटीत बसलेल्यांनी तरी फी कुठं भरली? थकबाकीचा नियम त्यांनाही लागतोच की. मी पाहिलंय, हा प्रश्न विचारल्यावर बैठकीतला आवाज खाली येतो आणि समेटाचं बोलणं सुरू होतं.

एवढं करूनही निवडणूक झालीच तर नवी कमिटी ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे कमिटी बदलल्याची नोंद व्हावी म्हणून द्यायचा अहवाल, दाखल करेल, विश्वस्त कायद्याचं कलम २२. त्याला हरकत घ्या. १९५० च्या कायद्यात 'हितसंबंध असलेली व्यक्ती' म्हणून नोंदणीकृत संस्थेचा कुठलाही सभासद धरला जातो, त्यामुळं तुमच्यातल्या दोघा-चौघांचं जरी सभासदत्व कागदावर पक्कं निघालं तरी त्यांच्या नावानं हरकत उभी राहते. सगळ्या पासष्ट जणांचं सिद्ध होईपर्यंत थांबू नका.

प्रश्न : आमच्या शिक्षण संस्थेत निवडणुकीला तीन आठवडे असताना सेक्रेटरींनी एकदम १५० नवे सभासद केले, सगळे त्यांच्या गल्लीतले आणि पाहुणेरावळे. जुने सभासद ९० च आहेत. हे चालतं का?
— शिक्षक, इचलकरंजी

उत्तर : सर, नवे सभासद करणं गुन्हा नाही, संस्था वाढली तर चांगलंच आहे. प्रश्न आहे ते कसे केले. सर्वसाधारणपणे घटनेत लिहिलेलं असतं की लेखी अर्ज, त्यावर जुन्या सभासदाची शिफारस, कार्यकारी मंडळाच्या सभेत मंजुरी, मग फी, मग रजिस्टरला नोंद. तुम्ही प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या कामकाजाची वही, मागा आणि त्या १५० जणांना मंजुरी देणारी सभा कधी झाली, अजेंडा कधी काढला, कोरम, म्हणजे सभेला लागते तेवढी हजेरी, होता का ते बघा. सेक्रेटरीला एकट्याला सभासद करून घ्यायचा अधिकार घटनेनं दिलेला मी क्वचितच बघितलाय.

मग पैसे बघा. १५० जणांची फी एकाच दिवशी रोखीनं एकाच माणसानं भरली असेल तर पासबुकात ते दिसतंच, आणि पावती पुस्तकाचे नंबर मागच्या तारखांचे टाकले असतील तर मधल्या पावत्यांशी ताळमेळ बसत नाही. हे सगळं चेंज रिपोर्टच्या चौकशीत उलटतपासणीत निघतं. मतदान करणारे वैध सभासद होते का हा मुद्दा तिथं येतोच.

पुढच्यासाठी सांगतो, घटनेत दुरुस्ती करून घ्या की निवडणुकीच्या आधी अमुक महिने सभासद झालेल्यालाच मत. ही अट १८६० च्या कायद्यात नाही, ती घटनेतच पाहिजे. ज्या संस्थेत ही ओळ आहे तिथं शेवटच्या आठवड्यातली ही पळापळ होत नाही.

प्रश्न : मी १४ वर्षं एका महिला मंडळाची सभासद आहे. हिशोबाबद्दल सभेत दोन प्रश्न विचारले, तर पुढच्या महिन्यात व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं आणि नंतर एक पत्र आलं की 'मंडळाच्या प्रतिमेला धक्का पोचवल्यामुळे आपले सभासदत्व रद्द'. नोटीस नाही, चौकशी नाही. मला पैसे-पद काही नको, पण असं कसं काढलं?
— राजारामपुरी

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. हिशोब विचारणं हा सभासदाचा हक्क आहे, तो वापरला म्हणून कुणाला घालवून देणं हे मला फार वाईट वाटतं, आणि असं महिला मंडळातच होतं असं अजिबात नाही, सगळीकडं होतं.

सगळ्यात आधी, व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढणं याला कायद्यात काहीच अर्थ नाही. ग्रुप म्हणजे संस्था नव्हे. तुमचं नाव रजिस्टरमध्ये आहे तोवर तुम्ही सभासद.

आता पत्राचं. या विषयावरचा सुप्रीम कोर्टाचा जो निकाल आजही सगळे वकील दाखवतात तो आपल्या शेजारचाच, बेळगावच्या फ्रीमेसन या बंधुसंघाच्या एका शाखेतून (तिला लॉज म्हणतात) काढलेल्या सभासदाचा, डिसेंबर १९६२ मधला. त्यात कोर्टानं सांगितलं की अशा संस्थेत माणूस येतो तो तिचे नियम मान्य करून येतो, त्यामुळं संस्था त्याला काढू शकते पण नियमांत जसा अधिकार दिलाय तसाच वापरून, मनात वैर ठेवून नाही, आणि त्याच्यावर आरोप काय आहे ते सांगून त्याला बोलायची संधी देऊन. कोर्ट संस्थेच्या निर्णयावर अपिलासारखं बसत नाही, एवढ्या गोष्टी पाळल्या का हे बघतं. तिथला सभासद शेवटी हरला हेही सांगायला पाहिजे, कारण त्याला आरोप कळवले होते आणि म्हणणं मांडायची संधी दिली होती. तुमच्याकडं तर आरोपच कळवला नाही. 'प्रतिमेला धक्का' म्हणजे नक्की काय, कुठल्या सभेत, कुठलं वाक्य, हे त्यांनी लिहून द्यायला पाहिजे होतं.

तुम्ही असं करा. आधी अध्यक्षांना लेखी पत्र द्या, घटनेच्या कुठल्या कलमाखाली काढलं, कुठल्या सभेत ठराव झाला, त्या ठरावाची नक्कल द्या. घटनेत सर्वसाधारण सभेकडं अपिलाची सोय असेल तर मुदत बघून ते अपील टाकाच, पुढं 'आतला मार्ग का वापरला नाही' हा प्रश्न येतो. या काळात वार्षिक फी मात्र भरत राहा, नाहीतर आधी बेकायदा काढलं आणि मग वरून थकबाकीदार म्हणतील. तिथं मिटलं नाही तर 'माझं सभासदत्व कायम आहे' असं जाहीर करून मिळावं म्हणून दिवाणी कोर्टात दावा. हिशोबातल्या गडबडीची तक्रार ही वेगळी, ती धर्मादाय कार्यालयात द्या. दोन्ही एकाच अर्जात मिसळले की दोन्ही रेंगाळतात.

आणि ते दोन प्रश्न पुढच्या सभेतही विचारा.

प्रश्न : माझे वडील एका वाचनालयाचे आजीव सभासद होते. ते वारल्यावर त्यांच्या जागी मला आपोआप सभासद करतील का?
— कागल

उत्तर : नाही. सभासदत्व हे त्या माणसाचं, ते सातबाऱ्यासारखं वारसानं लागत नाही, घटनेत तशी खास तरतूद असेल तरच. नवा अर्ज द्या, नवी फी भरा. आजीव सभासदाला वार्षिक फी नसते त्यामुळं वडिलांचं मत थकबाकीत कधी अडकलं नसेल, तुम्हाला जमत असेल तर तुम्हीही आजीवच व्हा. वाचनालयाचं सभासद होताय याचा आनंद वाटला. आपल्या करवीर नगर वाचन मंदिराची सुरुवात १८५० ची, म्हणजे संस्था नोंदणीचा कायदा यायच्या दहा वर्षं आधीची, आणि ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कायदा करणारं देशातलं पहिलं संस्थानही कोल्हापूरच, १९४५ साली. एक मात्र विचारून घ्या, काही ठिकाणी पुस्तकं नेणारा 'वाचक वर्गणीदार' आणि मत असलेला 'संस्था सभासद' असे दोन वेगळे प्रकार असतात. तुम्हाला कुठला पाहिजे ते अर्जातच लिहा.

प्रश्न : आम्ही आठ मैत्रिणी मिळून मुलींच्या शिक्षणासाठी संस्था काढतोय. कुणी म्हणतं ट्रस्ट करा, कुणी म्हणतं कंपनी करा. आमच्यातली एक निपाणीची आहे, ती म्हणते तिकडं करू. काय करावं?
— गडहिंग्लज

उत्तर : ताई, हे काम करताय त्याबद्दल मनापासून कौतुक. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी राहू दिली, वेगवेगळ्या समाजांची, त्यांवर आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत पहिली शिकलेली पिढी आली. तुमचं काम त्याच वाटेवरचं आहे म्हणून नीट पायावर करा.

तुम्हाला ठरवायचंय एवढंच की पुढं निर्णय कुणी घ्यायचे. निव्वळ ट्रस्ट डीड केलं तर त्यात सभासद हा प्रकारच नसतो, विश्वस्त असतात आणि तेच सगळं ठरवतात. संस्था केली, १८६० च्या कायद्याखाली, तर कमीत कमी सात जण लागतात, तुम्ही आठ आहात म्हणजे भागतं, पण मग सर्वसाधारण सभा ही मालकीण, पाच वर्षांनी तुम्हाला निवडणुकीत हरवून दुसऱ्या बायका कमिटीत आल्या तर ते मान्य करायची तयारी पाहिजे. तिसरा प्रकार कलम ८ ची कंपनी, २०१३ च्या कंपनी कायद्यातली, पूर्वी तिलाच कलम २५ ची कंपनी म्हणायचे. प्रायव्हेट असेल तर दोन सभासदांवर सुद्धा होते, नफा वाटता येत नाही, पण दर वर्षीची कागदपत्रं आणि सीएची फी याचा हिशोब आधीच करा.

माझं मत विचाराल तर तुम्ही संस्थाच करा. आठ जणी आहात, गावातल्या अजून पन्नास बाया जोडायच्या म्हणताय, मग त्यांना मत नसलेल्या मदतनीस म्हणून कशाला ठेवायचं. घटना लिहिताना उद्देश मात्र थोडे मोकळे ठेवा, कारण नंतर उद्देश बदलायचे तर सभेच्या दहा दिवस आधी प्रस्ताव सगळ्या सभासदांना गेला पाहिजे, तीन-पंचमांश मतं पाहिजेत आणि महिन्याच्या अंतरानं दुसरी सभा घेऊन तिथंही हजर असलेल्यांची तीन-पंचमांश मतं पाहिजेत, कलम १२.

निपाणीचं म्हणाल तर तिकडं कर्नाटकचा स्वतःचा १९६० चा संस्था नोंदणी कायदा आहे, नियम वेगळे, कार्यालय वेगळं. काम गडहिंग्लजला करायचंय तर नोंदणी इकडंच करा. मैत्रीण तिकडं राहते म्हणून सभासद व्हायला काही अडचण नाही.

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिथल्या मराठी मंडळाला ती दर वर्षी मेंबरशिप भरते, दिवाळीच्या कार्यक्रमात राबते, पण निवडणुकीत मत देता येत नाही म्हणाले, मंडळाला 'मेंबरच नाहीत'. पैसे घेतात मेंबरशिपचे आणि मेंबर नाहीत हे कसं?
— नागाळा पार्क

उत्तर : काकू, ऐकायला विचित्र वाटतं पण तिथल्या कायद्यात हे बसतं. अमेरिकेत अशा संस्था त्या त्या राज्याच्या कायद्याखाली होतात आणि प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियाच्या कॉर्पोरेशन्स कोडमध्ये कलम ५३१० आहे, त्याप्रमाणं संस्था आपल्या नियमांत सभासद ठेवू शकते किंवा सभासद नाहीतच असंही लिहू शकते, आणि काहीच लिहिलं नसेल तर सभासद नाहीत असंच धरलं जातं. आपल्याकडं १८६० च्या कायद्यात सभासदाशिवाय संस्थाच होत नाही, तिथं फक्त संचालकांवर चालू शकते.

तिथं कायद्यानं 'मेंबर' कुणाला म्हणायचं तर ज्याला बायलॉजमध्ये, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, संचालक निवडायचा, किंवा संस्था बंद करणं, सगळी मालमत्ता विकणं, नियम बदलणं अशा गोष्टींवर मत द्यायचा हक्क दिलाय त्याला, कलम ५०५६. बाकीचे पैसे भरणारे हे कार्यक्रमाचं तिकीट स्वस्त मिळणारे सभासद, कायद्याचे नव्हे. तेव्हा मुलीला सांगा की बायलॉजची प्रत मागून 'मेंबर्स' हे प्रकरण वाच. तिथं मताचा हक्क लिहिलेला निघाला तर तो तोंडी बोलण्यानं काढून घेता येत नाही, आणि अशा मेंबरला काढायचं तरी रीत न्याय्य पाहिजे, १५ दिवस आधी कारणासह नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिली की ती रीत कायदा न्याय्य धरतो. नसेल लिहिलेलं तर बरोबरीच्या लोकांना घेऊन बायलॉज बदलायची मागणी करावी, इतकं राबणाऱ्यांना मत असावं असं मलाही वाटतं.

प्रश्न : २०२१ च्या पुरात आमच्या संस्थेचं ऑफिस बुडालं, सभासद रजिस्टर आणि प्रोसिडिंग बुकाचा लगदा झाला. तेव्हापासून निवडणूकच घेतली नाही, भीती वाटते की यादीवरून भांडणं होतील. आम्ही कमिटीवाले प्रामाणिक आहोत पण काय करावं कळत नाही.
— शाहूपुरी

उत्तर : तुम्ही स्वतःहून विचारलंत यातच बरंच आलं. लगदा झालेलं रजिस्टर टाकलं नसेल तर टाकू नका, वाळवून पिशवीत ठेवा, पुराच्या पंचनाम्याची नक्कल असेल तर ती सोबत ठेवा, नसेल तर त्या वेळचे फोटो. मग धर्मादाय कार्यालयात लेखी कळवा की अमुक रेकॉर्ड पुरात गेलं, आणि पूर्वी दाखल केलेली घटना, चेंज रिपोर्ट, ऑडिट यांच्या नकला काढा, तुमच्या ऑफिसचं पाणी त्या फायलींना लागलेलं नाही. जुन्या चेंज रिपोर्टला कधीकधी सर्वसाधारण सभेची हजेरी जोडलेली असते, म्हणजे एका वर्षाची सह्यांसकट यादी हातात येते. बँकेचं जुनं स्टेटमेंट, ऑडिटरकडच्या पावत्या, सभासदांच्या घरातल्या पावत्या, सगळं गोळा करा.

मग कच्ची यादी करून बोर्डावर लावा, स्थानिक पेपरात छोटी जाहिरात द्या, ज्याचं नाव राहिलंय त्यानं पुरावा आणावा, ज्याला कुणाबद्दल हरकत आहे त्यानं लेखी द्यावी, त्यासाठी महिनाभर तरी द्या. छाननीला कमिटीतलेच सगळे नको, दोन-तीन वयस्कर सभासद असे घ्या ज्यांचा दोन्ही बाजूंना मान आहे. प्रत्येक हरकतीवर कारण लिहून निर्णय द्या. पक्की झालेली यादी सर्वसाधारण सभेपुढं ठेवून ठराव करा, आणि त्या सभेची नोटीस घटनेत जशी सांगितलीय तशीच काढा, घटनेत पोस्टानं म्हटलं असेल तर नुसता व्हॉट्सॲप मेसेज पुरत नाही. तरीही कुणी अडून बसलं तर विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडून निर्देश मागता येतात, अर्ज तुम्हीच करा, विरोधकांची वाट बघू नका.

नवं रजिस्टर घेतलं की प्रत्येक सभासदाची सही त्यात परत घ्या, सहीशेजारी फी पावतीचा नंबर आणि तारीख लिहा, आणि दर वर्षी सभा झाली की पानांचे फोटो काढून तीन वेगवेगळ्या लोकांकडं ठेवा, त्यातला एक तरी नदीपासून लांब, वरच्या मजल्यावर राहणारा असू दे.